कडीवरचा हात

वडवणीत जयंतीच्या दुपारी माझी एकांकिका होती. पडदा ओढायला मांडववाल्यानं एक म्हातारा पाठवला होता. दोराचे दोन वेढे तळहाताला घालून तो नाटकाकडं पाठ करूनच उभा राहिला आणि विंगेच्या फटीतून सतरंजीवर बसलेल्या लोकांचे पाय बघू लागला. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं; मी मागं नुसत्या येरझारा घालत होतो.

शेवट असा होता: सहा महिने बेपत्ता मुलाची वाट बघणारी आई दारावरची थाप ऐकून उठते, दार उघडते, समोर मुलगा. तिनं कडीला हात लावला आणि ह्यानं पडदा पाडला! मुलगा झालेला नट दारामागं तसाच उभा.

मी म्हाताऱ्याच्या अंगावर धावून गेलो. “का म्हून पाडला?”

तो दोर सोडवत म्हणाला, “पाय बगा की लोकांचे. एक बी हालंना. दार उघडलं असतं, तर समदे चपला हुडकायला लागले असते.”

खरंच कुणी उठलं नव्हतं.

बाहेर एका बाईनं माझा हात घट्ट धरला. “पोरगंच आलं असंल ना हो?”

नाटक मी लिहिलेलं. पण मला छातीठोकपणे हो म्हणता येईना.