रुख्माबाईची जागा आणि साहेबाचा शब्द

मध्य प्रदेशातल्या कटंगीच्या आठवडी बाजारात रुख्माबाईच्या मिरच्यांनी गावाला शिंका आणल्या, पण तिला तिथून कुणी उठवलं नाही. नवरा गेला, लेक सासरी गेली, गुडघे कुरकुरू लागले. चिंचेखालचं तिचं पोतं काही हललं नाही. मग मांडीचं हाड मोडलं आणि ती तुमसरला लेकीकडे जाऊन पडली.

या बाजाराची एक रीत आहे. शेजारचा आला नाही तर त्याची जागा ओस ठेवायची नाही, आपलं पोतं तिथं पसरायचं. तो परतला की मुकाट्यानं उचलायचं. कांदेवाल्या प्रेमलालनं रीत पाळली. नेमके तेव्हाच नगरपरिषदेचे लोक पक्क्या ओट्यांसाठी आले आणि जो जिथं बसला होता त्याचं नाव तिथं टिपून गेले. रुख्माबाई काठी टेकत परतली, तर चिंचेखाली सिमेंटचा ओटा, ओट्यावर प्रेमलालचं नाव आणि त्याची सून भाजी मांडून बसलेली! शेजारी कांदे निवडणाऱ्या प्रेमलालनं मान वर केली नाही.

ती कचेरीत गेली. साहेबानं सगळं ऐकलं, अगदी सभ्यपणे. मग म्हणाला, "अम्मा, आपका दावा टेनेबल नहीं है."

शिवी असती तर तिनं व्याजासकट परत केली असती. या शब्दाचं काय करावं, हेच तिला कळेना. तडक बस धरून ती बालाघाटला नातीकडे गेली. अपेक्षा तिथं कॉलेजात इंग्रजी शिकते.

"टेनेबल मंजे का वं?"

"कोनी खोडाले आलं तरी टिकते, असं म्हननं. मूळ लॅटिन हाये आजी, 'धरून ठेवनं'. फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. पह्यले किल्ल्याले म्हनत. शत्रू आला तरी धरून ठेवता येते, तो किल्ला टेनेबल. मंग विचारालेबी म्हनाले लागले."

"किल्ला कोनाचा?"

"कोनाचाबी!"

"अन शत्रू कोन?"

अपेक्षानं कपाळाला हात लावला. रुख्माबाईच्या डोक्याचा तर पार भुगा झाला. शत्रू प्रेमलाल म्हणावा, तर हाड मोडलं तेव्हा त्यानंच तिला उचलून तुमसरच्या बसमध्ये बसवलं होतं.

पण धरायचं म्हणजे धरायचं, एवढं तिला पटलं. दुसऱ्या दिवशी ती कटंगीला परतली. बाजार नव्हता. रिकाम्या मैदानात, ओट्यावर एकटी म्हातारी काठी घेऊन बसली. लोक हसले. कुणीतरी प्रेमलालला सांगितलं, तो धावत आला.

"मावशी, आज बजार नाही. काहून बसली इथं?"

"किल्ला धरून राह्यली."

"कोनता किल्ला?"

"ते मलेबी नाही समजलं. पन तू आतला का बाहेरचा, तेवढं सांग बाबू."

सुनेचा चेहरा प्रेमलालच्या डोळ्यांपुढे आला असणार. तरी त्यानं म्हातारीला हात देऊन उठवलं आणि दोघं कचेरीत गेले.

"साहब, जगह अम्मा की है. मैं तो संभालने बैठा था."

साहेबाचा चेहरा खुलला. "हां, अब बात टेनेबल हुई." त्यानं लगेच नाव बदलायला सांगितलं.

ओटा मिळाला, तरी रुख्माबाई जागची हलेना. आता तर ती पुरतीच गोंधळली होती.

"साहब," तिनं विचारलं, "मैंने भी तो यही बोला था ना?"

साहेबानं पुढच्या माणसाला हाक मारली.