दुपारचा धडा

बाईंनी चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवली. त्यांच्या तासाला डुलकी काढायची कुणाची छाती नव्हती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणं गेलं. उरले चार-दोन शब्द, तेही भलत्याच ठिकाणी पडायचे. बाईंनी त्याला घरी आणलं आणि कंबर कसली. रोज जेवण झालं की दीड तास वाचन. पाचव्या ओळीलाच त्याची मान कलंडायची, की बाईंची पट्टी टेबलावर. "झोपा काढून गेलेली वाचा परत येत नसते!"

तीन महिन्यांनी उपचार केंद्रात, वाचा-उपचार करणाऱ्या मुलीने त्याला विचारलं, "काका, थकवा किती येतो?"

"थकवा कसला? दिवसभर बसून तर असतो," बाई म्हणाल्या. "अंगचोर आहे झालं."

"बाई, मी त्यांना विचारलंय."

तिने पेल्यांची तीन चित्रं मांडली. भरलेला, अर्धा, रिकामा. "अंगात जोर किती? सकाळी?" त्याने अर्ध्यावर बोट ठेवलं. "जेवल्यावर?" रिकाम्यावर.

"चुकून दाखवलं असेल."

मुलीने चित्रांच्या जागा बदलल्या. बोट पुन्हा रिकाम्यावरच. मग तिने आंघोळ, चालणं, टीव्ही, पुस्तक अशी चित्रं ठेवली. "सगळ्यात जास्त कशाने थकता?" त्याने पुस्तक उचललं आणि बहिणीकडे न बघता मान खाली घातली. गृहपाठ न केलेली पोरं घालतात तशी.

"एकेक शब्द जुळवताना त्यांचा जीव मेटाकुटीला येतो," मुलगी म्हणाली. "तो आळस नाही. वाचनाची वही आणलीय?"

वही पिशवीतच होती. पानोपानी लाल शेरे: 'लक्ष नाही', 'आळशीपणा'. बाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. "घरी राहिली."

भावाने चमकून पिशवीकडे पाहिलं. बोलून दाखवणं त्याच्या हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई एकट्याच गेल्या आणि वही टेबलावर ठेवली. "काल खोटं बोलले मी." मुलीने चार पानं चाळली आणि वही मिटून परत दिली. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

आता धडा सकाळी असतो, पंधरा मिनिटांचा. सहा महिन्यांत त्याला तीसेक शब्द आले. त्यातला एक 'पुरे'. तो ऐकला की बाई वाक्य अर्ध्यावर सोडून पुस्तक मिटतात. तेव्हा भावाकडे मात्र त्यांना बघवत नाही.