माळावरच्या एकतीस फळ्या

बद्रीनाथ पेंटरचं अक्षर कसं होतं, हे चौसाळ्यात कुणालाही विचारा. हायवेच्या दोन्ही अंगांची दुकानं एके काळी त्यानंच रंगवलेली. साड्यांचं, खताचं, सायकलीचं, न्हाव्याचं. 'श'ला असा वळसा द्यायचा की गिऱ्हाईक आत शिरायच्या आधी पाटी बघत उभं राहायचं. मग फ्लेक्स आलं. पाच-सहा वर्षांत एकेक पाटी उतरली, आणि प्रत्येक पाटी उतरताना बद्रीनाथ तिथं कुठंतरी चहाच्या टपरीवर बसलेला होता. साठीला टेकलेल्या या माणसाच्या वाट्याला मग ट्रॉलीवरचे नंबर आले, आणि टँकरवरची 'पिण्याचे पाणी' ही दोन शब्दांची कविता. बायको शिवकन्या म्हणायची, "ब्रश वाळू देऊ नका म्हंजे झालं."

अशात एका मार्च महिन्यात रामेश्वर त्याच्या दारात येऊन उभा राहिला. पोरगा केजचा, पुण्यात राहून कॅमेरा शिकलेला. त्याला घोडेस्वारांचा पिक्चर काढायचा होता. टोप्या, बंदुका, धुळीचं गाव, एकटा आलेला माणूस.

"इटलीवाल्यांनी काय केलं, काका," रामेश्वर ओट्यावर बसून सांगू लागला, "अमेरिकेची गोष्ट स्पेनच्या माळावर नेऊन काढली. खिसा फाटका. म्हणून माणसाचं तोंड एकदम जवळून दाखवायचं आणि माळ एकदम लांबून. मधलं दाखवायला पैसाच नाही. तेच बघायला लोकं आजपण वेडी आहेत. आपल्याकडं तसला माळ फुकट पडलाय."

"मग माझं काय काम?"

"गाव रंगवायचं. आख्खं गाव."

चौसाळ्यापासून आत, बालाघाटाच्या उताराला एक उघडा माळ आहे. तिथं बांबू आणि प्लायवूडची अकरा घरं उभी राहिली. समोरून बघावं तर बँक, तुरुंग, दारूचा गुत्ता, न्हावी; मागं जावं तर नुसते टेकू. बद्रीनाथनं दहा दिवसांत सगळ्यांवर पाट्या काढल्या. प्लायवर चहाचं पाणी मारून लाकूड शंभर वर्षांचं केलं. संध्याकाळी उन्हाची तिरीप पडली की त्यालाच वाटायचं, आता त्या गुत्त्याचं दार उघडून कुणीतरी बाहेर येईल. दार उघडायचंही. वाऱ्यानं. आत माळच असायचा.

या माळावर साखराबाईची मेंढरं चरायची. ती मूळची शिरूर कासारकडची धनगरीण, सत्तरीची, काटक. तिनं ते गाव बघितलं आणि काठी टेकून विचारलं, "कुनाचं गाव वसवायलाव रं?"

"खोटं हाय, मावशी. पिच्चरचं."

पलीकडं मजूर मातीचे उंचवटे करत होते. साखराबाई तिकडं बघत राहिली. "आन ते?"

"ते बी खोटंच. कबरस्तान."

"खोट्यासाठी एवढी खरी माती कावून उकरायलाव?" म्हातारी म्हणाली आणि मेंढरं वळवून निघून गेली.

शेवटची मारामारी त्या कबरस्तानात व्हायची होती. सुतारानं एकतीस फळ्या क्रूसांवर ठोकून बद्रीनाथपुढं टाकल्या.

"नावं काय टाकू?" बद्रीनाथनं विचारलं.

रामेश्वर घाईत होता. "काहीपण टाका, काका. इंग्रजी अक्षरात असलं म्हणजे बास."

बाभळीखाली बसून बद्रीनाथनं काळ्या रंगाचा डबा उघडला. इंग्रजी अक्षरं त्याला पाट्यांमुळं येत होती, पण इंग्रज माणसांची नावं कुठून येणार? त्यानं ब्रश बुडवला आणि पहिल्या फळीवर भागवत लिहिलं. भागवतशेठचं कापडाचं दुकान म्हणजे त्याची आयुष्यातली पहिली पाटी. दुसऱ्या फळीवर बजरंग, खतवाला. तिसऱ्यावर शहादेव, सायकलवाला. हात नावामागून नाव काढत गेला, जशी ती आधीच फळीत होती आणि तो फक्त वरची धूळ पुसत होता. उन्हं कलायच्या आत एकतीस झाली.

ती सगळी माणसं चौसाळ्यातली, जिवंत, हिंडतीफिरती. आणि सगळी अशी, की ज्यांनी त्याची पाटी उतरवून फ्लेक्स लावलं होतं. हे लिहिताना त्याच्या ध्यानात होतं की नंतर आलं, हे बद्रीनाथला आजही सांगता येत नाही. शिवकन्येनं एकदा सरळ विचारलं, "रागानं लिवलं का तुमी?" तो म्हणाला, "राग असता तर अक्षर एवढं चांगलं आलं नसतं."

दिवाळीनंतर पिक्चर तयार झाला. थेटर कोण देणार? केजच्या एका मंगल कार्यालयात भर दुपारी खिडक्यांना काळं कापड लावून दाखवला. चौसाळ्याहून दोन जीपा भरून माणसं गेली. भागवतशेठही होता, पुढच्या रांगेत.

पिक्चर वाईट होता. हे बद्रीनाथला पहिल्या दहा मिनिटांत कळलं. घोड्या केजच्या, वरातीच्या. गोळीबार झाला की त्यांना बँड वाजला असं वाटायचं आणि त्या नाचायला लागायच्या. खलनायकाची आख्खी टोळी ठुमकत गावात शिरली, तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. बंदुकीतून आधी धूर निघायचा, मग आवाज, आणि तो आवाज स्पष्ट सुतळी बॉम्बचा. एकच जाड माणूस तीनदा मेला, एकदा मिशी लावून. मेल्यावर त्याच्या गालावर माशी बसली तर त्यानं ती हाकललीही. आवाज पुण्यात भरलेले. ओठ थांबले तरी बोलणं चालू. हिरो बीडच्या जिममधला, त्याला घोडीवरून उतरता येत नव्हतं, म्हणून तो प्रत्येक वेळी उतरलेलाच दिसायचा.

पण मधेच, कुणाच्या लक्षात न येता, पडदा बदलायचा. बोलणं बंद. नुसता वारा. तो वारा माळावरचाच होता, तो पुण्यात भरावा लागला नव्हता. एका म्हाताऱ्या गड्याचं तोंड पडदाभर यायचं आणि हलायचंच नाही. त्याच्या सुरकुत्यांत धूळ, डोळ्यांत काहीच नाही. लोक हसायचे थांबायचे. तोंड जवळून, माळ लांबून. रामेश्वर म्हणाला होता तसंच. पैसा नसल्यामुळं जिथं जिथं काही करता आलं नव्हतं, तिथं तिथं पिक्चर खरा झाला होता. बद्रीनाथच्या मानेवर काटा आला.

मग कबरस्तान आलं. मारामारीच्या आधी कॅमेरा फळ्यांवरून चालू लागला. रामेश्वरला बहुतेक तिथं वेळ भरून काढायचा होता, कारण तो प्रत्येक फळीपाशी थांबत गेला. संथ, एकेक. अंधारात कुणीतरी पुटपुटलं, "बजरंग." मागून कुणी म्हणालं, "शहादेव. आपला शहादेव हाय की." मग लोक वाचू लागले. शाळेत धडा वाचावा तसे, हलक्या आवाजात, एकामागून एक. आपलं नाव आलं की तो माणूस गप्प व्हायचा. एकतिसावी फळी जाईपर्यंत मंगल कार्यालयात फक्त वारा वाजत होता. पुढची मारामारी कुणी पाहिली असेल असं वाटत नाही.

बाहेर उन्हात सगळे डोळे मिचकावत उभे होते. बद्रीनाथ शिव्या खायच्या तयारीनं भिंतीला टेकला. भागवतशेठ त्याच्यापाशी आला, त्याच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "अक्षर लई झ्याक आलंय, बद्री. दुकानाच्या पाटीपेक्षा बी."

एवढंच. आणि जीपमध्ये जाऊन बसला.

महिनाभरानं साखराबाई बाजाराला आली, ती वाट वाकडी करून बद्रीनाथच्या दारात आली. "पेंटर, तुझा शेठ रोज माळावर येतोय. सकाळच्या पारी येतो, फळीला टेकून बसतो. माझी मेंढरं तिकडं जायला तयार न्हाईत. हाकलली तरी वळतेत."

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ गाडी काढून गेला. खोटं गाव तसंच उभं होतं. पावसानं बँकेचा रंग उडाला होता, तुरुंग पालथा पडला होता. कबरस्तानातल्या फळ्यांवर मात्र एक ओरखडा नव्हता. भागवतशेठ आपल्या फळीपाशी बसला होता, पांढऱ्या धोतरात, मांडीवर हात ठेवून, जसा गल्ल्यावर बसायचा.

"शेठ, हितं काय करायलाव?"

"बसलोय." शेठनं बाजूची जागा दाखवली. बद्रीनाथ उभाच राहिला. "आपल्यात जाळतेत, बद्री. राख गंगेला. माझ्या बापाचं नाव कुठं लिवलेलं हाय, सांग बरं? सातबाऱ्यावर होतं, तितूनबी गेलं. दुकानावर फ्लेक्स हाय, त्यावर पोराचा फोटो हाय. माझं नाव आता ह्या एकाच जागी ऱ्हायलंय."

"पुसतो म्या. आत्ता पुसतो. माझी चूक झाली."

"पुसायचं न्हाई." शेठ पहिल्यांदाच कडक बोलला. मग हळू म्हणाला, "उलट खाली साल टाक. अर्धवट वाटतंय."

"कुठलं साल?"

"हेच. चालू."

बद्रीनाथनं साल टाकलं नाही. घरी आला तो तापानंच. माघात भागवतशेठ गेला. दुपारी जेवून दुकानात आडवा झाला तो उठला नाही. त्याला आधीच साखर होती, हृदयाचंही होतं, डॉक्टरनं दोनदा सांगितलं होतं. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तेराव्याच्या जेवणात पंगतीला बसलेली तीसजण एकमेकांकडं बघत होती.

बजरंग खतवाला त्यानंतर तिसऱ्या दिवशी आला. "चल बे माळावर. माझं नाव पूस."

बद्रीनाथनं चुन्याचा डबा घेतला. बजरंगची फळी पांढरीफेक केली. दोघं बाभळीखाली बसून बिडी ओढेपर्यंत चुना वाळला आणि काळी अक्षरं खालून वर आली. तेलाच्या रंगावर चुना धरत नाही, हे बद्रीनाथला चांगलं माहीत होतं. तरी ती वर येताना बघणं वेगळं. आधी राखाडी, मग गडद. त्यानं दुसरा हात दिला. तिसरा दिला. तिसऱ्यांदा नाव वर आलं तेव्हा बजरंगनं फळीवर पंजा ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"उपटून टाकू का?" बद्रीनाथनं विचारलं.

"नगं," बजरंग म्हणाला. त्याचा आवाज बदललेला होता. "ऱ्हाऊ दे. गार लागतंय."

त्यानंतर नाव पुसायला कुणी आलं नाही. आली ती वत्सलाबाई, शाळेतली निवृत्त शिपाई, नाव कुठल्याच फळीवर नसलेली. चहाचा कप तिनं खाली ठेवला.

"परवा माळावर गेलते," ती म्हणाली. "समद्यांची नावं वाचली. समदी हायत. मी न्हाई."

"बरंच हाय की मग."

"तसं वाटत न्हाई ना, पेंटरदादा. तितं उभं ऱ्हायलं की वाटतंय, आपल्याला बोलवायचं इसरलेत." तिनं पिशवीतून एक फळी काढली. घरच्या जुन्या पाटाची होती. "एवढी करून द्या."

बद्रीनाथनं तिला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा करून दिली. मग तिची भावजय आली. मग शेजारच्या वाडीतले दोघं भाऊ. कुणी कारण सांगायचं नाही, बद्रीनाथ विचारायचा नाही. लेकराचं नाव मात्र तो लिहीत नसे आणि सालही टाकत नसे. वर्षभरात खोटं गाव लोकांनी गोठ्यांसाठी उचलून नेलं. बँक एका म्हशीच्या डोक्यावर आहे. फळ्यांना मात्र कुणी हात लावला नाही. त्या अडुसष्ट झाल्या. ज्यांची नावं आहेत त्यांतले आजवर चौघं गेले, आपापल्या दुखण्यानं. बाकीचे चौसाळ्यात, वाडीत आहेत, बाजार करतात, भांडतात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी माळावर एकटेच जाऊन येतात.

रामेश्वर मध्यंतरी दुसऱ्या भागाची जागा बघायला आला होता. जीपमधून उतरला, फळ्यांच्या रांगांमधून शेवटपर्यंत चालत गेला. खिशातून फोन काढला, डोळ्यांसमोर धरला, आणि फोटो न काढताच परत ठेवला. "काका, शूटिंग दुसरीकडं करू," म्हणाला आणि चहालाही थांबला नाही.

यंदाच्या मार्चमध्ये एका मंगळवारी बद्रीनाथ ऊन खाल्लेली अक्षरं गडद करायला निघाला, तर शिवकन्या लुगड्याचा पदर खोचून गाडीपाशी उभी. काखेत फळी.

"तू कशाला?"

"समद्या गावाची लिवली. माझीच तेवढी जड झाली का?"

त्यानं गाडी चालू केली. माळावर तिनंच जागा बघितली, तिनंच दगडानं फळी ठोकली. बद्रीनाथनं तिचं नाव मराठी अक्षरात लिहिलं, त्या माळावरचं तसं एकमेव नाव. 'श'ला वळसा देताना त्यानं श्वास धरला होता. शिवकन्येनं अक्षर वाचलं, मान हलवली, म्हणाली, "चला. हितं वारा लई हाय."

ती गाडीवर मागं बसली. चौसाळा येईपर्यंत बद्रीनाथनं तीनदा हात मागं नेऊन ती बसलेली आहे का ते चाचपलं. तिसऱ्यांदा तिनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, "पुढं बघा."