शिळं मटण आणि उचलायची भाची

माझं पोट लोखंडाचं आहे, दगड टाकला तर दगड पचतो, असं मी सगळ्या कुळगावात सांगत फिरायचो. भाचीच्या लग्नाच्या दिवशी त्याच पोटाला वाटीभर मटण पचलं नाही, आणि मी ताईच्या संडासात बसून देवाला सांगत होतो, लोखंड परत घे बाबा, पण हे थांबव.

पहिल्यापासून सांगतो. मी उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, जीन्सच्या कारखान्यात हमाली करतो. शिवून झालेल्या पँटींचे गठ्ठे बांधायचे, डोक्यावर घ्यायचे, जिना उतरायचा, टेम्पोत टाकायचे. शाळेचं विचारू नका. दुसरीत बाईंनी मला खडू आणायला पाठवलं होतं, तो मी अजून आणतोय. त्यामुळे उचलणं सोडून दुसरं काही मला येत नाही.

पण आमच्या घरात मामाचं कामच उचलायचं. भटजींनी हाक मारली की मामाने नवरीला उचलून बोहल्यावर आणायची. जुन्या काळी नवऱ्या कडेवर बसायच्या वयाच्या असायच्या, तेव्हाच्या मामांची चैन होती. आता नवरी नोकरी करते, जिमला जाते, वर शालू, दागिने, केसात अर्धी बाग. तरी पण रीत म्हणजे रीत. आणि भाची माझी एकच, ताईची मुलगी. लहानपणी तिला खांद्यावर बसवून मीच शाळेत सोडायचो, म्हणजे फाटकापर्यंत. आत जायला मला अजून भीती वाटते. लग्न ठरलं तेव्हा ती बोलली, "मामा, मला मंडपात तूच न्यायचं. दुसऱ्या कोणी हात लावला ना, तर मी खोलीतून बाहेरच येणार नाही."

झालं. मी कारखान्यात प्रॅक्टिस सुरू केली. गठ्ठा डोक्यावर न घेता दोन्ही हातांवर आडवा घ्यायचा आणि गाणं गुणगुणत चालायचं. शेठाणी सिंधी आहे, गल्ल्यावर बसते. ती रोज बघायची आणि मला वेड्यात काढून बोलायची, "चरिया हो गया क्या भाऊ? माल है, दुल्हन नहीं है."

बायको बोलली, "गठ्ठा सुतळीने बांधलेला असतो. भाची सुतळीने बांधणार आहे का?"

एकाच माणसाला माझी काळजी वाटायची. माझा चुलत भाऊ. अंबरनाथला कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत आहे, नात्याने तो पण मामाच. प्रत्येक भेटीत माझ्या पाठीवर हात ठेवून बोलायचा, "दादा, कमरेला जप. काय झालं तर मी आहेच." हे तो अशा आवाजात बोलायचा की काय तरी व्हावंच.

हळद ताईकडे होती, कात्रपला. बिल्डिंगच्या खाली मंडप, मटण, वडे, मोठा आवाज, नाच. मे महिना. नाचताना घाम पुसावा की हळद पुसावी ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी लग्न होतं अंबरनाथच्या हॉलवर, संध्याकाळच्या मुहूर्तावर. सकाळी ताईने माझ्या हातात उरलेल्या मटणाचा टोप दिला. बोलली, "रात्रभर झाकून बाहेर राहिलंय. वास सुटलाय. मागे खड्डा केलाय, त्यात ओत आणि वर माती टाक. कुत्र्यांना पण देऊ नको."

मी टोप घेऊन मागे गेलो. झाकण उघडलं. तळाला रस्सा होता आणि रश्शात नळी होती. अख्खी नळी. रात्री मी नाचत होतो तेव्हा पाहुण्यांनी नळ्या पळवल्या होत्या, ही एक चुकलेली. वास आंबूस येत होता, हे मी लपवत नाही. पण माझ्या डोक्याने लगेच सांगितलं, ताईने कोकम टाकलं असेल. मटणात कोकम आमच्या सात पिढ्यांत कोणी टाकलेलं नाही. तरी मला पटलं. खिशात रात्रीचा एक वडा होता, तो का होता ते विचारू नका. खड्ड्याच्या काठावर बसून मी नळी फोडली, रस्सा वड्याने पुसला, टोप घासूनपुसून ताईला परत दिला. ताई बोलली, "अरे वा, आज घासलास पण?" मी बोललो, "भाचीचं लग्न आहे ताई, एवढं तर करणारच."

दुपारी जेवणं चालू होती, तेव्हा पोटात कोणीतरी जीन्स पिळल्यासारखं झालं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी गाणं म्हणत गेलो. नंतर नंतर गाणं बंद झालं. मग उलटी पण आली. घरात बातमी पसरली की मामाला लागलंय, आणि लग्नघरातल्या बायका कामधंदा सोडून माझ्यावर आल्या.

आत्या सर्वात आधी. तिने सहाणेवर जायफळ उगाळलं, बोटाने माझ्या जिभेवर ठेवलं. शेजारच्या काकूंनी डाळिंबाच्या सालीचा काढा आणला, तो तोंडात गेल्यावर तोंड आतून शिवल्यासारखं झालं. बायकोने सुंठ आणि गूळ दिला. कोणीतरी मुरुडशेंगेचं पाणी पाजलं. शेठाणी आहेर घेऊन गाडीने आली होती, ती सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि वाटी घेऊन बाहेर आली. "दही में इसबगोल डाला है भाऊ, आँख बंद करके खा ले. पेट ऐसा बंधेगा, ऐसा बंधेगा!" चुलत भावाने काळ्या कोल्ड्रिंकमध्ये मीठ टाकून आणलं. फेस वर आला तसा त्याचा चेहरा पण खुलला. "पी दादा. नाही तर आराम कर तू. मी आहेच."

मला कोणालाच नाही म्हणता येईना. लग्नाचं घर, कोणाला वाईट वाटायला नको. सगळ्यांचं सगळं घेतलं. पोटात बचत गटाची मीटिंग भरली आणि प्रत्येक बाई वेगळं बोलू लागली. थोड्या वेळाने सगळी मीटिंग बाहेर आली.

मी भिंतीला टेकून बसलो होतो.  समोरून चुलत भाऊ दोन्ही हातांवर गादी आडवी घेऊन फेऱ्या मारत होता. गाणं गुणगुणत. माझंच गाणं.

तेवढ्यात ताई आली. ती हॉलवर फुलांचं बघायला गेली होती. तिने माझ्याकडे बघितलं, वाट्या, पेले, सहाण बघितली आणि बोलली, "सगळं उचला इथून. तू, इकडे बघ. काय खाल्लंस?"

"सगळ्यांनी खाल्लं तेच."

"सगळे चालतायत. तूच तेवढा बसलायस." मग ती थांबली. तिची नजर ओट्यावर पालथ्या ठेवलेल्या टोपाकडे गेली. "तरीच म्हटलं टोप घासला कसा. खड्ड्यात ओतलंस की तोंडात?"

मी पोट धरून भिंतीकडे वळलो.

"मेल्या, मी कुत्र्यांना देऊ नको बोलले ते कुत्र्यांची काळजी होती म्हणून! तुझं सांगायचं राहिलं माझ्याकडून."

बायको हळूच बोलली, "जुलाब बांधायची गोळी आणू का मेडिकलमधून?"

"काही नको. घाण आत गेलीय, ती बाहेर पडू दे. हा आता नुसता सुकत चाललाय, ह्याला पाणी पाहिजे." मग माझ्याकडे वळून, सगळ्यांच्या समोर, शेठाणीच्या समोर, "लघवी झाली का? शेवटची कधी?"

मी बोललो, "ताई, पाहुणे आहेत."

"पाहुण्यांना पण होते. कधी?"

सकाळी झालेली. ताईचं तोंड गंभीर झालं. बोलली, "नीट ऐक. ताप चढला, रक्त दिसलं, नाही तर संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही, तर मी तुला उचलून सरकारी दवाखान्यात टाकणार. लग्न गेलं खड्ड्यात. सलाईन लावून पडायचं तिथे."

आतल्या खोलीतून मेंदी लावलेले हात पुढे धरून भाची दारात आली.  नुसती बघत राहिली. 

ताईने पाणी केलं. उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, त्यात चहाच्या चमच्याने सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा वरून बोटाने सपाट करून. तिची पोरं लहान असताना अंगणवाडीच्या बाईने शिकवलं होतं. बाटलीत भरून मला दिली. "घोट घोट प्यायचं. गटागट प्यायलास तर परत येईल. उलटी झाली तरी थोडं थांबून परत घोट. मी भाताची पेज टाकते." आणि ती पेजेला गेली.

मी एक घोट घेतला. अळणी.

आता इथे आमच्या खानदानाचं सांगावं लागेल. आमचे मूळचे लोक खाडीकडचे, मिठागरावर राबणारे. माझा आजा मीठ मुठीने मोजायचा. घरात अजून आमटीत मीठ कमी झालं तर चमचा कोणी शोधत नाही, मूठ घालतात. आणि मला, मिठागरवाल्याच्या नातवाला, अर्धा चमचा? सपाट? मला वाटलं ताई घाईत चुकली. अंगात ताकद पाहिजे तर मीठ पाहिजे. भाची काय चमच्याने उचलायची आहे? कोणी बघत नाही हे बघून मी ओट्यावरच्या बरणीत हात घातला, आजाची मूठ बाटलीत सोडली, बाटली हलवली आणि तोंडाला लावली.

अख्खी खाडी नाकातून परत आली. आणि समोर काय होतं? इस्त्री करून ठेवलेला माझा झब्बा आणि त्यावर मामाचा फेटा. दोन्ही गेले.

बायकोने बाटलीला बोट लावून चाखलं आणि ओरडली, "ताई, ह्यांनी पापलेट खारवलं!"

ताई पळी घेऊनच आली. मला वाटलं मारणार. मारलं नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. तिने बाटली मोरीत ओतली, पुन्हा पाणी केलं, आणि मीठ टाकताना माझा हात धरून ठेवला. मग चाखून बोलली, "लक्षात ठेव. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून द्यायचं. जास्त मीठ पोटात गेलं तर अंगातलं पाणी अजून ओढून काढतं. तुझा आजा मीठ पिकवायचा, पीत नव्हता."

मग मी शहाण्यासारखा पडून राहिलो. घोट. थांबा. घोट. भाची हाताची मेंदी सांभाळत मध्ये मध्ये यायची आणि कोपराने बाटली माझ्याकडे ढकलायची. दोन घास मऊ पेज पोटात राहिली. उन्हं कलली तेव्हा मी उठून गेलो आणि परत आल्यावर ताईने भर खोलीत विचारलं, "झाली?" मी मान हलवली. खोलीतल्या सगळ्या बायकांनी "झाली गं बाई" केलं, आणि शेठाणीने तर देवाला हात जोडले. माझ्या लघवीचा एवढा मान कधीच झाला नव्हता.

हॉलवर मी चुलत भावाचा जुना झब्बा घालून गेलो. त्याने नवा घातला होता, बाह्या आधीच वर करून. माझ्या बगलेत बाटली होती, सुतळीने बांधलेली. बायकोची आयडिया. बोलली, "शेवटी गठ्ठा कोणाचा झाला बघा."

भटजींनी माईकवर हाक मारली. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

मी नवरीच्या खोलीत गेलो. चुलत भाऊ माझ्या मागे. भाची उभी होती, शालू, मुंडावळ्या, सगळं. मी वाकलो, हात पुढे केले, आणि खोली गोल फिरली. मी खुर्ची धरली. चुलत भाऊ पुढे आला. "दादा, बस तू. मी आहेच."

भाची एक पाऊल मागे सरकली. "मामा येणार. उचलायचं राहू दे."

"अगं पण रीत..."

"रीत मामाने न्यायची आहे. कसं न्यायचं ते त्याचं आणि माझं." तिने माझा दंड पकडला. जिमचा हात आहे तो, हमालाला कळतो. तिने मला जवळजवळ उभा केला, आणि आम्ही निघालो.

हॉलमध्ये दोन्हीकडे माणसं उभी, अक्षता हातात. मी मध्येच थांबायचो, ती पण थांबायची. मी बगलेतली बाटली काढून घोट घ्यायचो, ती धीराने वाट बघायची, मग पुढे. नवऱ्याकडची एक म्हातारी मोठ्याने बोलली, "ह्यांच्यात मामाला पाणी पाजत आणतात वाटतं." अंतरपाटासमोर मी तिला उभी केली, म्हणजे तिने मला उभा केला, आणि मी तिच्या पाठीमागे जाऊन खांब धरला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते ओठांपर्यंत आलं. मी चाखून बघितलं. बरोबर बाटलीतल्या पाण्याएवढंच खारट होतं. ताईचं माप चुकलं नव्हतं.

अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, ताई डोळे पुसत माझ्याजवळ आली. माझी छाती तेवढ्यात परत फुगली. मी बोललो, "बघितलंस ताई? एवढं झालं तरी शेवटी मीच आणलं ना तिला मंडपात!"

ताईने माझ्या बगलेतली बाटली काढली, झाकण उघडून माझ्या हातात दिली आणि बोलली, "तू नाही आणलंस. तिने तुला आणलं. पाणी पी आणि गप बस."