बियांच्या भिशीतला कडू दुधी

आम्ही येरवड्यात राहतो असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर आमच्याकडे बघतो आणि "म्हणजे भिंतीच्या बाहेर ना?" असं विचारून खात्री करून घेतो. सवय झाली आहे. पण हल्ली, निदान बागवेड्या लोकांत, प्रश्न बदललाय. सोसायटीचं नाव सांगितलं की विचारतात, "त्या बियांच्या भिशीवाल्या बाई तुमच्याकडेच का?" आमच्याकडेच. अगदी माझ्या समोरच्या दारात. आणि हे सांगताना माझी मान नको तेवढी ताठ होते, असं माझी बायको म्हणते.

शर्मिला धारवाडकर. वय सत्तरीला टेकलेलं, उंची पाच फुटांच्या आतली, आवाज मात्र तिन्ही इमारतींना पुरून वर उरेल एवढा. सगळी नोकरी एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून झाली. म्हणजे लोकांच्या चुका काढायचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्तीनंतर तेच काम त्या विनामूल्य करतात. त्यांचे यजमान गोपाळकृष्णराव म्हणतात, "माझं पहिलं प्रूफ लग्नात आलं. अजून छपाईला गेलेलो नाही."

त्यांची भिशी म्हणजे काय, तर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या पार्किंगमध्ये टेबलं मांडायची आणि ज्याने त्याने आपल्या गच्चीतल्या, गॅलरीतल्या, अंगणातल्या भाज्याफुलांचं बी आणायचं. पैसे कुणी घ्यायचे नाहीत, द्यायचे नाहीत. नियम एकच: चिमूटभर न्यायचं, मूठभर आणायचं. एकदा एका गृहस्थांनी कोथिंबिरीचं बी म्हणून वाण्याकडचे धने आणले होते. शर्मिलाताईंनी हुंगून परत दिले. "छान आहेत. आमटीत घाला." ते गृहस्थ पुन्हा आले ते थेट पुढच्या वर्षी, स्वतःच्या कुंडीतली मेथी वाळवून, आणि ती त्यांनी परीक्षेचा पेपर द्यावा तशी दोन्ही हातांनी पुढे केली.

बिया ठेवायला पाकिटं लग्नपत्रिकांची. छापखान्यात नावं चुकून रद्द झालेली पाकिटं ताईंनी निवृत्तीच्या वेळी पोतंभर उचलून आणली होती. त्यामुळे आमच्याकडून गवार नेली तर ती 'चि. निनाद आणि चि. सौ. कां. मुग्धा' यांच्या पाकिटातून जाते. कुणाला काय दिलं ते ताई याच नावांवरून लक्षात ठेवतात. "निनाद-मुग्धा धानोरीला गेले, त्यांना शेंगा धरल्या का हो?" असं त्या जिन्यात विचारतात, आणि नवीन भाडेकरू घाबरून दार लावून घेतात.

या सगळ्या पसाऱ्यात मानाचं पान दुधीचं. ताईंच्या बार्शीच्या माहेरचा, बुटका, पोट सुटलेला, साधारण आमच्या चेअरमनसाहेबांच्या बांध्याचा. शिजला की लोण्यासारखा. भिशी सुरू झाली तीच या दुधीच्या जोरावर, आणि त्याला सगळे 'धारवाडकर दुधी' म्हणतात. ताई वरवर "माहेरचा आहे हो, सासरचं नाव कसलं लावता?" म्हणतात, पण त्यांना ते आवडतं. एवढी गोष्ट मी बघूनच सांगू शकतो.

तर गेल्या एप्रिलच्या भिशीला सिंहगड रस्त्याकडची मंडळी येणार होती. त्यांना त्यांच्याकडे अशीच भिशी सुरू करायची होती, आणि सुरुवात धारवाडकर दुधीनेच करायची होती. चेअरमनसाहेबांनी स्वागताचा फ्लेक्स लावला होता. फ्लेक्सवर दुधी लहान आणि चेअरमन मोठे होते, पण ते चालायचंच.

मंडळी जमली, चहा झाला, आणि एवढ्यात खराडीहून वल्लरी आली. ही आयटीतली मुलगी, अकराव्या मजल्यावरच्या गॅलरीत दुधीचा वेल चढवणारी. जानेवारीत तिने ताईंकडूनच बी नेलं होतं. तिच्या हातात डबा होता.

"काकू, जरा बघता का? पहिलाच दुधी काढला. कापताना आईच्या सवयीने तुकडा तोंडात टाकला, तर सुपर कडू! आय थिंक माझंच पाणी कमी पडलं. ऊन पण फार आहे ना गॅलरीत."

शर्मिलाताईंनी डब्यातला नखाएवढा तुकडा जिभेला लावला आणि तिथल्या तिथे थुंकल्या. चूळ भरली. मग विचारलं, "घरात कुणी खाल्ला?"

"नाही. पण सासरे रोज सकाळी दुधीचा रस घेतात. आजपासून घरचाच द्यायचा ठरलं होतं. मी आधी चाखला म्हणून..."

ताई खुर्चीत बसल्या. या बाईला भिशीच्या दिवशी बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. कडू दुधीचा रस पोटात गेला तर माणूस दवाखान्यात पोचतो, हे बागवाल्या मंडळींत सगळ्यांना माहीत असतं. पण पाहुणे समोर, म्हणून चेअरमनसाहेब लगबगीने पुढे आले. "उन्हाने होतं असं कधी कधी! धारवाडकरबाईंच्या स्वतःच्या वेलाचे दुधी गोड आहेत, मी परवाच खाल्ला. काय हो?"

खरंच होतं ते. ताईंच्या गच्चीतला वेल गोड होता. वल्लरी स्वतःच दोष आपल्याकडे घ्यायला तयार होती. पाहुण्यांनी माना डोलावल्या होत्या. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी गाडी पुढे गेली असती.

"उन्हाने जरासा कडवटपणा येतो," ताई म्हणाल्या. "हे तसलं नाही. हे बीच बिघडलेलं आहे, आणि ते मी दिलंय." मग उठून उभ्या राहिल्या आणि तो आवाज काढला. "ऐका सगळ्यांनी. मागच्या पावसाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दरवर्षी मी बियांसाठीची फुलं दोऱ्याने बांधते, म्हणजे परका पराग शिरत नाही. गेल्या वर्षी गच्चीवर जाता आलं नाही, फुलं उघडी राहिली. तरी त्या फळाचं बी मी तुम्हाला वाटलं. ही माझी चूक. कुणीही यंदाचा दुधी चाखल्याशिवाय शिजवू नका, रस तर काढूच नका. आणि पाहुण्यांनो, आज बी मिळणार नाही."

सिंहगड रस्त्याची मंडळी गवार आणि गोकर्ण घेऊन गेली. फ्लेक्स संध्याकाळपर्यंत तसाच होता.

परका पराग कुठला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर रंगराव तुंबे लावतात. कडू भोपळ्याचे तुंबे, वाळवून त्यांचे दिवे करतात, फार सुबक करतात. दुधी आणि तुंबा एकाच कुळातले, दोघांची फुलं तिन्हीसांजेला उमलतात, मग पतंगांना काय, ही गच्ची काय नि ती गच्ची काय. रंगरावांच्या कानावर हे गेलं तसे ते तडक आले.

"म्हणजे माझ्या तुंब्याने तुमच्या वेलाची छेड काढली, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"छेड कसली? रीतसर लग्न लागलं. आम्हाला पत्रिका आली नाही, एवढंच," ताई म्हणाल्या. "अहो, तुमचं काही चुकलेलं नाही. तुंबे खुशाल लावा. फुलं बांधायची होती ती मी."

रंगराव भांडायच्या पूर्ण तयारीने आले होते. चहा पिऊन परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बेल वाजली. "अवधूत, स्कूटर काढा. शुद्धिपत्रक वाटायला जायचंय." भिशीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी मेसेज टाकलाच होता, पण ग्रुपवरचे मेसेज लोक वाचतात यावर त्यांचा विश्वास नाही. गुडघा वाकत नाही, त्यामुळे एक पाय सरळ पुढे काढून त्या मागे बसल्या, आणि आम्ही निघालो. चौकातले रिक्षावाले त्या पायाला वाट देत होते. निनाद-मुग्धा धानोरीला, प्रणव-सायली वडगाव शेरीत, रोहन-केतकी कळसला. पाकिटावरची सगळी जोडपी त्यांना तोंडपाठ. प्रत्येक घरी जायचं, दुधी कापायचा, कण जिभेला लावायचा, कडू निघाला की वेल मुळापासून उपटायचा, आणि जाताना स्पष्ट सांगायचं, "चूक माझी होती."

वडगाव शेरीतले एक काका ऐकेनात. "अहो, माझा साखरेसारखा आहे! का उपटू?"

ताईंनी चाखला. "गोड आहे. खा. पण याचं बी धरू नका."

"का?"

"आई गोड आहे, बाप कोण ते मला माहीत नाही."

काका लाजले. आत काकू एवढ्या हसल्या की आम्हाला पोहे मिळाले.

मी वाटेत म्हटलं, "ताई, एवढं 'चूक माझी, चूक माझी' कशाला? नुसतं उपटून टाका म्हणावं." त्या मागून म्हणाल्या, "छापलेलं पुस्तक चुकलं तर शुद्धिपत्रक पुस्तकातच चिकटवतात. लेखकाच्या कानात सांगत नाहीत. पुढे बघा, खड्डा आहे."

घरी आल्यावर त्यांनी डब्यातलं उरलेलं सगळं दुधीचं बी कढईत भाजून टाकलं, कुणी चुकूनही पेरू नये म्हणून. गोपाळकृष्णराव दारातून म्हणाले, "मीठ घालणार आहेस का?" ताई हसल्या नाहीत. बार्शीचा दुधी त्या कढईत संपला होता. त्यांचा स्वतःचा गोड वेलही त्याच बियांचा, त्यामुळे त्याचं बीसुद्धा आता भरवशाचं उरलं नव्हतं.

मे महिन्यात भिशीला टेबलं मांडली तीन आणि माणसं आली पाच, त्यात आम्ही तिघं घरचे. ग्रुपमधून दोघं-तिघं न बोलता निघून गेले. कुणीतरी लिहिलं होतं, 'तिथलं बी आता तपासूनच घ्यावं लागेल.' ताईंनी त्याखाली उत्तर दिलं, 'बरोबर. घ्याच.' पण त्या दिवशी त्यांनी टेबलं दुपारच्या आतच आवरली, आणि आवरताना कुणाचीही चूक काढली नाही. मला तेच जास्त लागलं.

जूनमध्ये एक दिवस जिन्यात खुळखुळा वाजल्यासारखा आवाज आला. लोणी काळभोरच्या गोदाबाई वर येत होत्या, काखेत अख्खा वाळलेला दुधी घेऊन. लेक येरवड्यात दिलेली. तिच्याकडे आल्या असताना पहिल्याच वर्षी त्यांनी भिशीतून चिमूटभर बी नेलं होतं. त्यानंतर त्या काही फिरकल्या नव्हत्या. कडू दुधीची हकीकत त्यांना लेकीकडून कळली.

"ताई, तुमचंच बी हाय. माझं त्यात काय न्हाय," दुधी टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या. "मूठभर आणा म्हणला व्हता तुम्ही. मला यायलाच झालं न्हाय, म्हून ह्यो सबंदच आणलाय. कितीबी मुठी काढा."

"कुठे लावता?" ताईंचा पहिला प्रश्न.

"गोठ्यावर. दरसाल."

"आजूबाजूला दुसरे दुधी, भोपळे?"

"चहूबाजूनं ऊस! दुधीला दुसरा दुधी बगायला मिळंल तर शप्पत." मग त्यांनी ताईंकडे नीट पाहिलं. "का वो? माझ्यावर भरवसा न्हाय व्हय?"

"माझ्यावर नाही," शर्मिलाताई म्हणाल्या आणि दुधी हातात घेऊन कानाशी वाजवत राहिल्या. गोपाळकृष्णरावांनी चहाचं आधण ठेवलं. त्या घरात चहा त्यांनी केल्याची ही पहिली नोंद आहे.

पावसाळ्यात गच्चीवर तीन वेल चढले. फुलं बांधायची वेळ आली तेव्हा ताईंनी ग्रुपवर एका ओळीत लिहिलं, 'उद्या तिन्हीसांजेला फुलं बांधायला शिकवणार आहे. ज्यांना माझ्यावर विश्वास नाही त्यांनी आवर्जून यावं.' वल्लरी आली. धनेवाले गृहस्थ आले. आणि रंगरावही आले, "शेवटी वरपक्ष आहे" म्हणत. मुळाशी इवलासा दुधी घेऊन बसलेली मादी कळी आणि सडपातळ नर कळी, दोन्ही उमलायच्या आधी दोऱ्याने बांधायच्या. अंधारायला लागलं की सोडून एकीचा पराग दुसरीला लावायचा आणि पुन्हा बांधायचं. मी विचारलं, "मंगलाष्टकं म्हणू का?" ताई म्हणाल्या, "मनातल्या मनात. तुमचा आवाज ऐकून कळी गळते."

सप्टेंबरच्या भिशीला त्यांनी सिंहगड रस्त्याच्या मंडळींना पुन्हा बोलावलं. चेअरमनसाहेबांनी या वेळी फ्लेक्स लावला नाही, वाट बघू म्हणाले. माणसं मात्र टेबलांपेक्षा जास्त झाली. काही ताईंसाठी आली होती, काही नुसती बघायला. तिन्ही वेलांचे पहिले दुधी टेबलावर, शेजारी विळी. वल्लरीबरोबर तिचे सासरे आले होते, तेच रसवाले. ताईंनी पहिला दुधी कापला तसा त्यांनी हात पुढे केला. "द्या मला."

"थांबा," ताई म्हणाल्या. त्यांनी देठाकडचा तुकडा खाल्ला, मग बुडाकडचा. सावकाश चावला. दुसऱ्या दुधीचे दोन, तिसऱ्याचे दोन. वल्लरीने सासऱ्यांची बाही धरून ठेवली होती. ताईंनी शेवटचा घास गिळला, पाण्याचा घोट घेतला, आणि मग त्या सासऱ्यांच्या तळहातावर स्वतःच्या हाताने एक फोड ठेवली.

त्यांनी खाल्ली. "रसाला उत्तम," म्हणाले.

टाळ्या वाजल्या. "टाळ्या कसल्या वाजवता? खा आणि आपापलं बघा," ताई डाफरल्या, पण डोळे पुसायला त्यांनी जो पदर घेतला त्याला दुधीचा चीक लागला होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी दाखवलंही नाही. सिंहगड रस्त्याच्या बाईंनी विचारलं, "मग बी?"

"बियांची फळं दोरा बांधून वेलावर आहेत. वाळू देत. घाई करून एकदा बी वाटलंय मी. आज फोडी खा, हिवाळ्यात या."

आणि त्या बाई खरंच खायला लागल्या. रांग लागली. पुण्याच्या दुसऱ्या टोकाहून आलेली माणसं, आमची माणसं, ग्रुप सोडून गेलेल्यांतले दोघं, सगळे येरवड्याच्या एका पार्किंगमध्ये उभे राहून मीठ नाही, तिखट नाही, कच्चा दुधी चावत होते. पुणेकर समोर ठेवलेलं काही खातोय आणि नाव ठेवत नाही, असं दृश्य मी माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.