चौदाव्या मजल्यावरचा बंद फ्लॅट

विरार पूर्वेला चंदनसारच्या एका टॉवरमध्ये खासगी विमान घुसलं, ती घटना निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही. लग्नात, बारशात, कुठेही गेलो तरी कोणीतरी विचारतंच, "साहेब, ते विमान पडलं कसं?" मला माहीत नाही. ते शोधायला विमान खात्याची माणसं आली होती आणि त्यांनी त्यांचं काम केलं. माझ्या वाट्याला आलेला प्रश्न फार साधा होता. ज्या घरात विमान शिरलं, त्या घरात कोणी होतं की नव्हतं?

मी तेव्हा तिथे वरिष्ठ पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी होऊन माणसं बंदोबस्ताला पांगली होती. फोन आला तेव्हा ठाणे अंमलदाराने पलीकडच्या माणसाला चक्क दम भरला, "सकाळी सकाळी टाकून आलास काय रे?" लगेच दुसरा फोन आला, मग तिसरा. तोवर नियंत्रण कक्षाकडूनही निरोप आला आणि अंमलदाराने निमूटपणे डायरी पुढे ओढली.

आम्ही पोहोचलो तेव्हा चौदाव्या मजल्याच्या कोपऱ्यातून काळा धूर निघत होता आणि पंखाचा एक तुकडा बाल्कनीच्या कठड्यावर अडकून हलत होता. विमान लहान होतं, चार जणांचं. आत दोघे होते आणि दोघेही जागीच गेले होते. अग्निशमन दलाने आग विझवली. आम्ही दोरी बांधली, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा करून मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवले. गर्दी आवरण्यातच निम्मी माणसं खपली. एका सद्गृहस्थांनी विमानाचा पत्रा आठवण म्हणून स्कूटरच्या डिकीत घातला होता, तो काढून घ्यावा लागला. दोन माणसं जळून गेली आहेत आणि याला आठवण हवी! अशा वेळी राग गिळायचा असतो. मी गिळला.

रहिवाशांची मोजदाद झाली. सगळे खाली होते, किरकोळ जखमी रुग्णालयात होते. राहिला तो एकच फ्लॅट, ज्यात विमान घुसलं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी माझ्यापाशी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"सर, तो फ्लॅट बंदच असतो. ओनर तुळिंजला राहतो. टेन्शन नका घेऊ, आत कोणी नाही."

अग्निशमन अधिकारी तरीही दुपारी त्यांना घेऊन जिन्याने तेराव्या मजल्यापर्यंत जाऊन आले. वर छताचा भाग लोंबकळत होता, कधी कोसळेल याचा नेम नव्हता. दोघांनीही तिथूनच हाका मारल्या. उत्तर आलं नाही. खाली आल्यावर अधिकारी म्हणाले, "रिकाम्या घरासाठी माझी पोरं मी घालवणार नाही. आज खालून टेकू देतो, उद्या सकाळी आत शिरू." मला ते पटलं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. मी वायरलेसवर कळवून टाकलं, सदनिका बंद, आत कोणी नाही.

चार वाजून गेले असतील. मी जीपपाशी पाणी पीत होतो, तेवढ्यात मागून कोणी बाही ओढली. त्याच फ्लॅटच्या खाली, तेराव्या मजल्यावर मुलाकडे राहणारी एक म्हातारी होती, मूळची अर्नाळ्याची, कोळीण.

"सायेब, वरती पोर रावते."

"कोण पोर, मावशी?"

"नर्स हाय. रातची डुटी करते, दिवसा झोपते. माजा बीपी बघाला येते. सकाली वरून पान्याचा आवाज आयला मना."

तेवढ्यात मुलगा धावत आला. "आई, तू गप बस ना. सर, तिचं मनावर घेऊ नका. सेक्रेटरी बोलले ना बंद आहे म्हणून." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "उगाच आमचं नाव नको यायला."

हे "नाव नको यायला" मी नोकरीभर ऐकलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपल्या लोकांनी ती म्हण पार पोलिसांच्या जीपपर्यंत आणून ठेवली आहे. पण मावशी हटली नाही. पोराकडे न बघता ती मला पुन्हा म्हणाली, "पोर वरती हाय."

सेक्रेटरींना विचारलं. ते हसले. "सर, आपल्याकडे बॅचलर अलाऊडच नाही. ठरावच आहे तसा. भाडेकरू असता तर पोलीस व्हेरिफिकेशन झालं नसतं का?" माणूस खोटं बोलत नव्हता. ज्याची नोंद नाही तो माणूसच नाही, एवढाच त्याचा हिशेब होता.

मालक आला होता. पन्नाशीतला, कुठल्याशा कंपनीत नोकरी करणारा, कोकणातला. दोरीपलीकडे एकटाच उभा होता. मी त्याला बोलावलं नाही. आधी लांबून पाहिलं. ही सवय मला एका जुन्या जमादाराने लावली होती. ज्याचं घर पडतं तो माणूस बडबडतो. भरपाई कोण देणार, विमा मिळेल का, हप्ते चालू आहेत, असं समोर येईल त्याला विचारतो. हा कोणालाच काही विचारत नव्हता. वर बघायचा, मोबाईलवर नंबर फिरवायचा, कानाला लावायचा, पुन्हा वर बघायचा.

मी त्याला जीपमध्ये बसवलं, चहा दिला.

"फ्लॅट बंद होता?"

"हो साहेब. वर्षभर बंदच आहे."

"मग मघापासून फोन कोणाला लावताय?"

"घरी... मिसेसला."

"मिसेस फोन उचलत नाहीत?"

त्याने मोबाईल खिशात टाकला. चोराच्या मनात चांदणं असतं. त्याला अंधारात बॅटरी दाखवावी लागत नाही. मी आवाज चढवला नाही. फक्त म्हणालो, "हे बघा, भाडेकरू न कळवण्याचा गुन्हा फार छोटा आहे. आत माणूस असेल आणि तुम्ही गप्प राहिलात, तर तो गुन्हा कशात मोजायचा हे मलाही माहीत नाही."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "साहेब, पोरगी आहे हो आत. डहाणूकडची. सोसायटी बॅचलर ठेवू देत नाही, म्हणून कोणी विचारलंच तर भाची आहे असं सांगायला लावलं होतं तिला. सकाळपासून फोन लागत नाहीये." आणि तो माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. मला त्याची कीव आली नाही. सकाळपासून त्याच्या तोंडाला कुलूप होतं, ते कशासाठी, तर सोसायटीची नोटीस येईल म्हणून.

अग्निशमन अधिकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी हेल्मेट चढवलं आणि ते स्वतः पुढे झाले. टेकू देत देत त्यांची माणसं आत शिरली. मी तेराव्या मजल्यावर उभा होतो. अंधार पडायच्या बेताला वरून ओरडा आला, "जिवंत आहे!" न्हाणीघराच्या माळ्याचा स्लॅब आडवा पडून त्याखाली पोकळी राहिली होती. पोरगी तिथे अडकली होती, पाय ढिगाऱ्यात, पण शुद्धीवर. स्ट्रेचर माझ्यासमोरून गेलं तेव्हा माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

भाडेकरू न कळवल्याबद्दल मालकावर आदेशभंगाचा गुन्हा दाखल झाला. सेक्रेटरींवर काहीच झालं नाही. त्यांनी नियम पाळला होता.

काही दिवसांनी मी जबाब घ्यायला रुग्णालयात गेलो. तिचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. डॉक्टरांनी मला बाहेरच सांगितलं होतं की, दुपारपर्यंत आली असती तर पाय वाचला असता. मुलगी हुशार होती, नीट, क्रमाने सांगत होती. ड्युटीवरून आली, आंघोळीला गेली, मोठा आवाज झाला. बेशुद्ध नव्हते म्हणाली.

मी लिहिता लिहिता थांबलो. "बेशुद्ध नव्हतीस? दुपारी खालून हाका मारल्या होत्या."

"ऐकल्या."

"मग ओ का नाही दिलीस?"

तिने चादरीचं टोक मुठीत धरलं. "त्यात सेक्रेटरींचा आवाज होता. घरमालक काकांनी सांगितलेलं, सोसायटीचं कोणी आलं तर आवाज द्यायचा नाही. आणि सर, विमानाचं मला काय माहीत? मला वाटलं माझाच सिलिंडर फुटला. एवढी मोठी बिल्डिंग माझ्यामुळे पडली. आता पोलीस मला धरतील."

मी तो जबाब तिच्याच शब्दांत लिहिला, वाचून दाखवला, सही घेतली.

पोलिसाचा धाक असावा, असं मी नोकरीभर मानत आलो. धाकाने चोर आवरतात, हे खरंही आहे. पण स्लॅबखाली अडकलेली, काहीही गुन्हा न केलेली मुलगी आमच्याच धाकाने तोंड दाबून पडून राहिली, हे मी स्वतःच्या हाताने लिहून घेतलं आहे. त्यानंतर वसईत, नालासोपाऱ्यात इमारती कोसळल्या तेव्हा मी माझ्या माणसांना एकच ताकीद देत असे. ढिगाऱ्यात हाक मारताना "कोणी आहे का?" हे नंतर विचारा. आधी मोठ्याने सांगा, "घाबरू नका, तुमची काही चूक नाही."