बोलोन्यात कणीक कोण मळणार

बोलोन्या हे इटलीतलं जुनं शहर. तिथलं विद्यापीठ युरोपातलं सर्वांत जुनं समजलं जातं, आणि मी मलकापुरात कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो, म्हणून ते नाव मला पाठ होतं. पण मला तिकडे ओढलं ते विद्यापीठानं नाही, जेवणानं. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे जे घडलं ते याच्यापासूनच सुरू झालं.

आमची मुलगी पुण्याला नोकरी करते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही दोघं एकदा कुठेतरी लांब जाऊन या, असा तिचा आग्रह होता. मी मोबाईलवर इटलीचे व्हिडिओ पाहायला लागलो आणि बोलोन्यावर अडकलो. शहरभर रस्त्याच्या कडेनं कमानी. त्यांच्या सावलीतून अख्खं गाव पायी फिरता येतं. मलकापूरचा मे महिना सोसलेल्या माणसाला एवढं एक कारणही पुरेसं आहे. त्या कमानींखाली चीजची दुकानं, आणि हातानं लाटलेल्या, फितीसारख्या कापलेल्या शेवया. त्यांच्यावर आपल्या खिम्यासारखाच, पण तिखट न घातलेला, मंद आचेवर शिजवलेला रस्सा.

मी चार दिवसांचा बेत आखायला बसलो. सकाळी बाजाराची कोणती गल्ली, दुपारी कुठे बसायचं, संध्याकाळी काय. परीक्षेचं वेळापत्रक लावावं तितक्या मन लावून मी जेवणं लावत होतो. स्टाफरूममध्ये दुसरा विषय राहिला नव्हता. आमचे भूगोलाचे सर एकदा म्हणाले, “लोकं इटलीत चर्च पाहाले जातात सर, तुमी शेवया खाले चालले.” सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, माझ्यासाठी नाही हो, मिसेससाठी चाललोय. तिला स्वयंपाकाची फार आवड.

हे वाक्य मी त्या दिवसांत किती लोकांना ऐकवलं असेल. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जो आदर उमटायचा, तो मला आवडायला लागला होता.

त्याच भरात मी एक वर्ग ठरवला. बोलोन्यात काही बायका आपल्या घरी पाहुण्यांना शेवया करायला शिकवतात. कणकेत अंडी घालून मळायची, भल्या लांब लाटण्यानं टेबलभर लाटायची, कापायची, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून जेवायचं. अशाच एका बाईंशी माझा पत्रव्यवहार सुरू झाला. मी मराठीत लिहायचो, मोबाईल त्याचं इटालियन करायचा. बायकोला हे आधी सांगायचं नाही, तिथे नेऊन चकित करायचं, असं मी ठरवलं होतं.

आणि तिसऱ्या-चौथ्या पत्रात मला सरगुंडे आठवले. आमच्याकडे उन्हाळ्यात करतात. कणकेची बारीक वळी काडीवर फिरवत गुंडाळायची, काडी अलगद काढून घ्यायची, ते वेटोळं वाळवायचं. मग वाफवून आंब्याच्या रसासोबत खायचं. जावई घरी आला की हमखास. माझ्या बायकोच्या हातचे सरगुंडे आमच्या गल्लीत नावाजलेले. सगळी वेटोळी एकाच साच्यातून काढल्यासारखी. मी त्या बाईंना लिहून टाकलं की आमच्या गावीसुद्धा हातानं असं करतात, माझी पत्नी त्यात पटाईत आहे, ती येईल तेव्हा तुम्हाला करून दाखवील. बाईंचं उत्तर आनंदानं भरलेलं होतं. काड्या घेऊन या, म्हणाल्या. माझ्या दोन शेजारणींनाही पाहायचंय, त्यांना बोलावते.

मला इतका अभिमान वाटला की तो पोटात राहिना. बायकोला नाही, मी मुलीला सांगितलं. मुलीला वाटलं आईला हे ठाऊकच असणार. तिनं रविवारी फोनवर आईचं अभिनंदन केलं.

तेव्हा बायको मेथी निवडत बसली होती. फोन झाल्यावर तिनं तो बाजूला ठेवला आणि मेथी निवडणं तसंच चालू ठेवलं. मी समोर पेपर वाचत होतो. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “तुमी मले फिराले नेऊन राह्यले का कामाले?”

मी समजावायला लागलो. काम नाही गं, गंमत आहे. लोक कौतुक करतील. तुझ्या हातची कला परदेशात जाईल. मोबाईल काढून मी तिला त्या वर्गाचा व्हिडिओही दाखवला. एक वयस्कर बाई पुढे वाकून, सगळा भार लाटण्यावर टाकून लाटत होती. बायकोनं तो शेवटपर्यंत पाहिला. मला वाटलं तिला आवडलं.

“खांदे गेले असतीन बिचारीचे,” ती म्हणाली.

मग म्हणाली, “मले स्वयंपाक आवडते असं कोनं सांगतलं तुमाले?”

मी म्हणालो, इतका चांगला करतेस. ती म्हणाली, तुम्हीही पेपर चांगले तपासता, तुम्हाला आवडतात का? आणि सरगुंडे तर तिला खायलाही आवडत नाहीत, हेही तिनं त्याच दमात सांगून टाकलं. व्हिसासाठी आम्हा दोघांना मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे होते. मी नाही येत, म्हणाली. तुम्ही जा, नाहीतर पोरीला घेऊन जा. आवाज चढवला नाही. निवडलेली मेथी उचलून ती आत गेली.

मी आधी रागावलो, हे लपवत नाही. इतकं सगळं तिच्यासाठी करतोय आणि हिला त्याचं काही नाही, असं दोन दिवस वाटत राहिलं. मग मुलीला फोन केला. ती माझी बाजू घेईल अशी आशा होती. तिनं बेत पूर्ण ऐकून घेतला, एकेक जेवण, आणि विचारलं, “बाबा, यात आईच्या आवडीचं काय आहे?”

मी म्हणालो, तुझ्या आईला सगळं चालतं.

“चालतं ते मला माहीत आहे,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी खरोखर आठवायचा प्रयत्न केला. माझ्या आईला काय आवडायचं ते मला सांगता येतं. मुलीचं सांगता येतं. भूगोलाच्या सरांना शेगावची कचोरी चटणीशिवाय लागते, हेही मला ठाऊक आहे. बायकोचं काहीच आठवेना. आमच्याकडे ती शेवटी जेवते. कोणी तसा नियम केलेला नाही, पण लग्न होऊन आल्यापासून तसंच चालत आलंय. भरीत फक्कड जमलं की ते तिच्यापर्यंत पोचतच नाही, आम्हीच संपवतो. फसलेली भाजी उरते, ती मग ही संपवते. म्हणजे आमच्या घरात तिनं सर्वांत जास्त काय खाल्लं असेल, तर जे आम्हाला आवडलं नाही ते.

दर उन्हाळ्यात सरगुंडे झाले की ती मनगटाला तेल चोळत बसायची. मी ते पाहत आलोय. दुखतंय का, असं विचारतही आलोय. आणि ते सरगुंडे ताटात आले की दुसऱ्यांदा वाढून घेत आलोय. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं मला कधी वाटलंच नाही.

शेवटी तिलाच विचारलं. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तुला काय खायला आवडतं गं, असं मी अगदी अवघडून विचारलं.

“आता काऊन विचारून राह्यले?” ती म्हणाली. पण चादर झटकून दोरीवर टाकेपर्यंत ती विचार करत असावी. मग सांगायला लागली. माहेरी तिला आंबट फार आवडायचं. अंबाडीची भाजी, कच्ची चिंच, बोरं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिनं इथे अंबाडीची भाजी केली. मी एक घास खाल्ला आणि म्हणालो की आमच्याकडे आंबट कोणी खात नाही. तेव्हापासून ती भाजी या घरात झाली नाही. एकटीसाठी काय करायची, म्हणून.

मला तो प्रसंग आठवत नाही. आजही आठवत नाही. मी ते रागानं म्हणालो असतो तर कदाचित लक्षात राहिलं असतं. ती मात्र हे सांगताना चिमटे लावत होती, तक्रार करतेय असंही वाटत नव्हतं. कोणती बस कुठे थांबते ते सांगावं, तसं सांगत होती.

यानंतर मी स्वयंपाकघरात शिरलो आणि तिला आयतं वाढायला लागलो, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. एकदा अंबाडीची जुडी मात्र आणली. तिनं भाजी केली, म्हणजे पुन्हा तिनंच केली, आणि मी ती खाल्ली. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. ही कसली परीक्षा चाललीय, असं मनात म्हणत मी पुढचा घास घेतला.

त्या आठवड्यात मी बोलोन्याच्या बाईंना पत्र लिहिलं. आधी लिहिणार होतो की पत्नीच्या हाताला त्रास आहे. ते खोटंही नव्हतं. पण मग मी खरं ते लिहिलं: मी तिला न विचारताच तिचं नाव दिलं होतं, तिला सुट्टीत कणीक मळायची नाही, आणि तिचं बरोबर आहे. वर्गाला मी एकटा येईन. कणीक मळेन, जमेल तसं लाटेन. शेवटी जेवणाच्या वेळी ती नुसती जेवायला आली तर चालेल का?

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. मोबाईलनं केलेलं मराठी ओबडधोबड होतं, पण अर्थ स्वच्छ होता. बाईंनी लिहिलं होतं की माझ्याकडे बायका शिकायला येतात आणि नवरे शेवटी नुसते जेवायला येतात, हे नेहमीचंच आहे. नुसती जेवायला येणारी ही पहिली बायको. तिला खिडकीजवळची खुर्ची देईन. शेजारणींना मात्र मी बोलावणारच, आता त्यांना तुम्हाला लाटताना पाहायचंय.

मी ते बायकोला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, “तिले काय सांगतलं तुमी, मी काऊन नाई करत म्हनून?”

जे लिहिलं होतं ते सांगितलं.

“तिचा बी नवरा तसाच असंन,” एवढंच म्हणून ती उठली. हसली असावी असं मला वाटलं, पण पाठ माझ्याकडे होती.

येते असं ती काही म्हणाली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. विचारलं तर तो आग्रह होईल, आणि माझ्या आग्रहाला ती नेहमी हो म्हणत आलेली. तसलं हो मला या वेळी नको होतं. मुंबईची दोन तिकिटं काढून मी टेबलावर ठेवली. बेतातली जेवणंही खोडायला लागलो. हे मला मनापासून जड गेलं. एकेक जागा किती शोधून काढली होती. पहिल्या दिवसाचं दुपारचं जेवण तसंच ठेवलं, वर्ग ठेवला, आणि बाकीच्या जागा रिकाम्या सोडल्या. तिथे गेल्यावर भूक लागली की ठरवू. ठरवेल ती.

मुंबईला निघायच्या सकाळी मी तयार होऊन बाहेरच्या खोलीत बसलो. ती आतून आली ती बाहेर जायची साडी नेसून, हातात पर्स आणि आपल्या कागदांची फाईल. रिक्षा बोलावली का, असं तिनं विचारलं. मी घाईघाईनं उठलो, तिचं मन बदलायला नको म्हणून.

गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की पिशवी नाही. आमच्या कुठल्याही प्रवासात तिच्याजवळ पिशवी असते. तिच्यात पोळ्या, बटाट्याची भाजी, ठेचा, काकडी, पाण्याची बाटली. भुसावळ जवळ आलं. मी विचारलं, डबा?

“नाई आणला,” ती म्हणाली. “भूक लागली तं घेऊ काहीतरी.”

भुसावळला विकणारे चढले. केळीवाला गेला, वडेवाला गेला, भेळ घेऊन एक जण आला. मी सवयीनं हात वर करणार होतो; सवयीनं मीच बोलावतो, मीच ठरवतो, आणि मग तिला म्हणतो, घे. या वेळी हात मांडीवर ठेवला. ती प्रत्येकाच्या टोपलीत वाकून पाहत होती. एकाला भाव विचारला आणि जाऊ दिलं. दुसऱ्याला विचारलं, गरम आहे का, आणि त्यालाही जाऊ दिलं. जळगाव गेलं. वडेवाला परत फिरून आला, तेव्हा तिनं त्याला थांबवलं, पुन्हा टोपलीत पाहिलं, आणि पुन्हा नको म्हणाली.

पाचोरा जवळ आलं असेल. ती माझ्याकडे वळली.

“तुमाले घाई नाई ना?”

नाही, म्हणालो. पोटात कावळे ओरडत होते. ती पुन्हा दाराकडे पाहायला लागली, आता कोण येतं ते.